साडेपाच तासांचा फरक

चात्तुण्णी पणिक्करांच्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि त्याचे धनी दोन. सकाळी अकरापर्यंत तो बापाचा, संध्याकाळी सहानंतर लेकीचा. बापाला त्यातली जुनी विंडोज लागे, लेकीला नवं लिनक्स. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत, वरची लेकीची आणि खालची बापाची. दहा सेकंदांत बाण खाली नेला नाही, तर मशीन आपलं सरळ लेकीच्या घरात शिरायचं. मग पणिक्कर ओरडायचे, "मोळे, हे परत तुझ्याकडे गेलं बघ!" आणि लेक तुषारा शाळेच्या साडीच्या निऱ्या सावरत यायची, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची, बाण खाली न्यायची आणि बस चुकली म्हणून बापाच्या नावानं खडे फोडत पळायची.

मशीनला अकरा वर्षं झाली होती. त्रिशूरहून जीपमधून आणलं तेव्हा पांढरं होतं, आता पिवळं पडलेलं. बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, कारण ते लावलं की आतून तापून बंद पडे. पंखा असा घरघरायचा की पडवीत बसलेल्या माणसाला वाटावं, आत भात कांडतायत. नवीन घेऊ या, असं तुषारा दर वर्षी म्हणे. पण पणिक्करांचा ज्योतिषाचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चाले. कोट्टक्कलच्या एका पोस्टमास्तरांनी रिटायर झाल्यावर तो हौसेनं लिहिला, ओळखीच्या सात-आठ ज्योतिषी पणिक्करांना वाटला आणि कुणाला काही न शिकवता ते वारले. नव्या मशीनवर तो उघडायचं नावच घेत नसे. सुईचा करकरणारा प्रिंटरही तसलाच, जुन्या विंडोजशिवाय कुणाला ओळख देत नसे. उलट तुषाराच्या शाळेचे मार्क भरायचे ते लिनक्सवर, आणि पेन ड्राइव्ह लावला की जुनी विंडोज गोंधळून जायची. तेव्हा एकाच पेटीत दोघांना नांदवायचं ठरलं.

नांदवलं ते विनयन माशनी. विनयन हा तुषाराच्याच शाळेत गणित शिकवणारा मास्तर. ती त्याला 'माशे' म्हणे, तो तिला 'टीचर'. लग्न ठरल्यावरसुद्धा दोघांची ही सवय सुटली नव्हती, स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. ओणमच्या सुटीत तो सीडी घेऊन आला, दुपारभर मशीनसमोर मांडी ठोकून बसला, तुषाराच्या अम्मानं केलेली चार केळ्यांची भजी आणि तीन ग्लास काळा चहा संपवला आणि संध्याकाळी दोन ओळींचा काळा पडदा दाखवून म्हणाला, "झालं! आता भांडण नको."

भांडण होतं ते वेगळंच. तुषाराला विनयनशी लग्न करायचं होतं आणि विनयनला जातक, म्हणजे जन्मपत्रिका, नव्हतं. त्याच्या आईला बाळंतपणाची तारीख आठवत होती, वेळ नाही. सकाळ होती की संध्याकाळ, यावरसुद्धा तिचं आणि सुइणीचं एकमत होईना. आता पंचवीस गावांची जातकं जुळवून देणाऱ्या पणिक्करांच्या घरात जातक नसलेला जावई! पणिक्कर आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "जातक नाही तर प्रश्न बघू. प्रश्न काय सांगेल ते शेवटचं. हो म्हणाला तर मी वाजंत्री सांगतो, नाही म्हणाला तर त्या माशचं नाव या घरात काढायचं नाही. कबूल?"

तुषारा फिजिक्स शिकवायची. तिचा यावर काडीचाही विश्वास नव्हता. पण बापाचा होता आणि बापाशिवाय तिला लग्न करायचं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "कबूल."

प्रश्न बघायचा म्हणजे असं की, माणसानं ज्या क्षणी विचारलं, त्या क्षणी पूर्वेला कोणती रास उगवते आहे ते काढायचं, तिच्यापासून घरं मोजायची आणि कुठला ग्रह कुठं बसलाय ते वाचायचं. पोस्टमास्तरांचा प्रोग्राम वेळ विचारायचा. वेळ टाकली नाही आणि नुसतं एंटर दाबलं, तर मशीनच्या घड्याळातली चालू वेळ तो आपणहून घ्यायचा. एका गोष्टीसाठी प्रश्न एकदाच, पुन्हा विचारणं नाही. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी तुषारानं बापासमोर पानविडा ठेवून प्रश्न विचारला तेव्हा पुलावर पावणेदहाची चेर्पुळश्शेरी बस हॉर्न मारत होती. पणिक्करांनी पडद्याकडे बघितलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "सिंह रास. नवव्या घरात गुरू. याहून चांगलं काय असतं?" अम्मा रडली. तुषाराही रडली, आणि आपण कशाला रडतोय म्हणून स्वतःवरच चिडली. मकर महिन्यातली, म्हणजे जानेवारीच्या मध्यानंतरची, तारीख धरली आणि देवळाजवळचा हॉल ठरला.

हे झालं महिन्यापूर्वीचं. आता नोव्हेंबरातला पहिला रविवार. पणिक्कर एका घराचा पाया बघायला पट्टांबीला गेले होते आणि जाताना लेकीला सांगून गेले होते, "पोस्टमनच्या नातवाचं जातक तयार आहे, तेवढं छापून ठेव. जुन्यातून छाप हं, तुझ्या नव्याला काही येत नाही."

तुषारानं बाण खाली नेला. कितीतरी महिन्यांनी ती बापाच्या घरात शिरत होती. प्रोग्राम आपोआप सुरू होऊन सगळा पडदा व्यापायचा. तिनं जातक छापलं, प्रिंटरनं कानठळ्या बसवल्या, मग तिनं प्रोग्राम बंद केला. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दिसलं. पहाटेचे पाच चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

बॅटरी गेली असेल म्हणून ती उठली आणि तशीच खाली बसली. बॅटरी गेली तर घड्याळ कुठंही भरकटेल. हे नेमकं साडेपाच तास मागं होतं, आणि साडेपाच तास म्हणजे लंडन. शाळेच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं: लिनक्सला पेटीतलं घड्याळ लंडनच्या वेळेवर ठेवायला आवडतं, आपली वेळ ते वरून मिळवून दाखवतं. जुन्या विंडोजला हा हिशोब ठाऊक नसतो, पेटीत दिसेल ती वेळ ती खरी मानते. दोघांना एकत्र ठेवताना लंडनच्या वेळेपुढची खूण आठवणीनं काढायची असते.

म्हणजे ओणमपासून हे असंच चाललं होतं! तिचा प्रश्न पावणेदहाचा नव्हताच. मशीननं तो सव्वाचारचा धरला होता.

विश्वास नसला तरी ती पणिक्करांच्या घरात वाढलेली पोर होती. तिनं प्रोग्राम पुन्हा उघडला आणि ती तारीख टाकली. वेळेच्या जागी हाताने पावणेदहा टाईप केले. सिंह गेला आणि वृश्चिक आली. पहिल्या घरात राहू, समोर सातव्यात, लग्नाच्या घरात, केतू, गुरू सहाव्यात जाऊन पडलेला. हे वाचायला पणिक्कर लागत नव्हते. तीन वर्षांपूर्वी तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलीचं, रजनीचं, ठरलेलं लग्न पणिक्करांनी याच राहू-केतूपायी मोडायला लावलं होतं. आत्यानं सहा महिने अबोला धरला, पण पणिक्कर तसूभर हलले नाहीत.

तिनं विनयनला फोन लावला.

"माशे, सीडी घातली तेव्हा घड्याळाचं काय केलंत?"

"घड्याळाचं? त्यानं विचारलं लंडनची वेळ ठेवू का, मी हो म्हटलं. ट्रेनिंगमध्ये हो म्हणायलाच सांगितलं होतं ना?"

"ज्या मशीनवर एकटं लिनक्स आहे, त्यावर! शेजारी विंडोज असेल तर नाही म्हणायचं, हे सांगितलं तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"तुमच्याकडे बघत होतो बहुतेक."

"वा! बघा आता." तिनं सगळं सांगितलं.

"टीचर, त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं. जातक नाही म्हणून घड्याळ फिरवलं, असंच वाटेल. मी असतो तर मलासुद्धा तेच वाटलं असतं."

"म्हणूनच विचारतेय, काय करू?"

"गुपचूप दुरुस्त करा. लिनक्समध्ये एका फाईलीत एक शब्द बदलायचा आहे. दोन मिनिटांचं काम. कुणाला पत्ता लागणार नाही."

तुषारानं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि या वेळी बाण वरच ठेवला. फाईल उघडली. शब्द समोर होता, तीन अक्षरांचा. तिनं तो खोडला. नवा लिहिला, पण जतन करायला हात होईना. दोन महिन्यांत पडवीत किती माणसं येऊन गेली असतील! कुणी दुकान काढलं असेल, कुणी गल्फचा व्हिसा परत केला असेल, सगळं पहाटेच्या राशींवर. गेल्या महिन्यात हरवलेली अलवीक्काची शेळी मात्र पणिक्करांनी प्रश्न बघून सांगितलेल्या दिशेलाच सापडली होती. असेल योगायोग, ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. शेजारच्या माधवियम्मा चाचपडत वर येत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उंबरा कुठं आहे ते पायानं शोधून मग आत आल्या.

"पणिक्कर आहेत का गं?"

"पट्टांबीला गेलेत. काय काम होतं?"

"काम कसलं! मुलगा म्हणतो ऑपरेशन आत्ताच उरकून घे. पणिक्करांनी प्रश्न बघून सांगितलंय, मकरापर्यंत डोळ्याला हात लावू द्यायचा नाही. त्याला तेवढं त्यांनी फोनवर ठणकावून सांगावं म्हणून आले." त्या हसल्या आणि बसायला गेल्या, तर बाक तिथं संपत होता. तुषारानं धावत जाऊन त्यांना धरलं नसतं तर पडवीतच आडव्या झाल्या असत्या.

माधवियम्मांना घरी पोचवून ती परत आली आणि फाईल तशीच बंद केली. आपल्या लग्नापायी या बाईनं तीन महिने भिंती चाचपडत काढायच्या? छे! तिला स्वतःचीच शरम वाटली. सांगून टाकायचं. मग हॉल जाऊ दे, तारीख जाऊ दे. हे ठरवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना अम्मावर खेकसली.

पणिक्कर दोनच्या बसनं आले. पाय धुतले, उकडलेला कपाचा कंद आणि मिरचीची चटणी खाल्ली, वर ताक प्यायले. तुषारानं त्यांना तिथून उठू दिलं नाही.

"अच्छन, एक सांगायचंय. आधी पूर्ण ऐका, मग काय रागवायचं ते रागवा."

"माशला नोकरी सोडायचीय?"

"नाही हो! मशीनचं घड्याळ चुकलंय. जुन्यातलं. साडेपाच तास मागं आहे, ओणमपासून. चूक माशची आहे, पण मुद्दाम केलेली नाही, मी शपथ घेते. तुम्ही दोन महिने बघितलेले सगळे प्रश्न चुकलेत. माधवियम्मांचा, अलवीक्काचा." तिनं रिकामं ताट बाजूला सारलं. "आणि माझापण."

पणिक्कर दात कोरत होते. त्यांनी काडी खाली ठेवली.

"माधवियम्माची साखर तीनशे आहे," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं, साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. मुलगा ते ऐकत नाही, आणि ही लाडू सोडत नाही. माझं ऐकते. मकरापर्यंत गोड बंद, असंही सांगितलंय मी, ते नाही बोलली ती?"

"पण रास तर चुकलीच ना!"

"कशी चुकेल? मोळे, चाळीस वर्षं झाली मला हे करताना. सकाळी दहाला पूर्वेला काय असतं ते मला मशीन सांगणार? ओणमनंतर दुसऱ्याच दिवशी त्यानं दिवसाढवळ्या पहाटेची रास दाखवली, तेव्हाच कळलं की हे तुमच्या त्या सीडीनं बिघडलंय. तेव्हापासून मी वेळ हातानंच टाकतो, भिंतीवरचं घड्याळ बघून. अलवीची शेळी उगीच सापडली?"

तुषारा एकदम खाली बसली, इतक्या जोरानं की अम्मा आतून डोकावली.

"सगळ्यांची वेळ हातानं टाकली?"

"सगळ्यांची."

"माझी?"

अंगणात कोंबडी उगीचच आरडत होती, पणिक्करांनी तिला "हुस्स" केलं.

"तुझ्या वेळी नुसतं एंटर दाबलं," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पुलावर बस वाजत होती, मला काय ऐकू येत नाही? वृश्चिक उगवत होती. राहू कुठं बसलाय ते मशीन सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं. तू समोर जीव मुठीत धरून बसली होतीस आणि चेहऱ्यावर असं दाखवत होतीस, जसं काही तुला काही पडलेलंच नाही. रजनी पण अशीच बसली होती. तिच्या वेळी मशीनचं घड्याळ बरोबर होतं." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "ती अजून माझ्या पाया पडते, पण माझ्याकडे बघत नाही. म्हटलं, या खेपेला मशीन काय सांगतंय ते ऐकू. त्यानं सिंह सांगितली. मी वाचली. मी एक शब्द खोटा बोललो नाही हं!"

तुषाराला हसू आलं आणि त्याच दमात रडू. "अच्छन, पण तुम्ही तर हे सगळं मानता."

"मानतो. न मानून कसं चालेल?"

"मग राहूचं काय?"

"त्याचं माझं मी बघतोय. तुला काय करायचंय?"

"मला सांगा."

"नागबनात दिवा लावतोय. एक्केचाळीस संध्याकाळ. तू प्रश्न विचारलास त्या दिवसापासून."

म्हणजे रोज संध्याकाळी 'जरा चक्कर मारून येतो' म्हणत बाप बाहेर पडायचा, तो तिकडे. नागबन, नागदेवांची ती राई, तळ्याच्या पलीकडे होतं, वाट चिखलाची, आणि पणिक्करांचा डावा गुडघा पायरी चढतानासुद्धा कुरकुरायचा. तिनं एकदा विचारलं होतं की इतका चिखल कुठून आणता, तर म्हणाले होते, "चहाच्या टपरीपाशी." अन् ती फिजिक्सची बाई, तिला ते पटलं होतं!

"किती झाले?"

"अठ्ठावीस."

तिनं विनयनला दोन शब्दांचा मेसेज पाठवला, 'काळजी नको'. मग बापाला विचारलं, "घड्याळ दुरुस्त करू का आता? एक शब्द तर बदलायचा आहे."

"लग्न होईपर्यंत हात लावायचा नाही," पणिक्कर कडाडले. "तुझी आत्या येईल, विचारेल, सकाळी पावणेदहाला मशीननं सिंह कशी सांगितली ते दाखव. तिला दाखवायला नको? लग्न झालं की कर काय करायचं ते."

संध्याकाळी पाचला ऊन उतरलं तशी पणिक्करांनी फळीवरची तेलाची बाटली खिशात घातली आणि नेहमीसारखं म्हणाले, "जरा चक्कर मारून येतो." तुषारा आधीच पायरीवर उभी होती. केस बांधलेले, चपला काढून हातात, साडी घोट्यावर खोचलेली.

"तू कुठं?"

"द्या ती बाटली. राहिलेले तेरा मी लावते."

"तू कशाला? तुझा विश्वास नाही."

"नाहीच आहे. तुमचा गुडघा तर दुखतो ना?"

पणिक्करांनी बाटली दिली नाही. पण वाटेवर तळ्याच्या काठी पाय घसरला तेव्हा तिचा हात धरला आणि पुढे सोडला नाही. नागबनात झाडांखाली काळोख दाटला होता. तिथं तिनं दहावीनंतर पाऊल टाकलं नव्हतं, नवसाच्या नावानं बापाशी वाद घालून घालून तिनं येणं बंद केलं होतं. दगडी नागांपुढे रोजच्या वाती जळून काळे ठिपके पडलेले. तिनं ते मोजले नाहीत. बापानं बाटली पुढे केली. तिनं पणतीत तेल ओतलं, वात घातली, काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरीही विझली.

"वात पुढे ओढ गं," पणिक्कर करवादले, "नखानं ओढ. फिजिक्स शिकवतेस आणि दिवा लावता येत नाही."

तिसऱ्या काडीला ती पेटली. पणिक्करांनी डोळे मिटून हात जोडले, ओठ हलायला लागले. तुषाराला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. बापाचं संपेपर्यंत तिनं दोन्ही हातांचा आडोसा करून ज्योत धरून ठेवली.